भुशाची वाट: घरच्या वर्कशॉपसाठी परवडणारा होज

रायपूरच्या माणसाला धुळीची ओळख करून द्यावी लागत नाही. उरला आणि सिलतरा भागातल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी पूड गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, तुळशीच्या पानांवर आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांवर वर्षानुवर्षे दिसते आहे. वर्तमानपत्रे तिच्यावर लिहितात, लोक संतापतात, आणि तो संताप रास्तच आहे. पण ज्या घराच्या मागच्या खोलीत लाकूडकामाचा छंद सुरू झाला, तिथे याहून बारीक धूळ आपल्याच हाताने तयार होते. ती फिकट रंगाची असते, तिला सागवानाचा चांगला वास येतो, म्हणून तिच्याविषयी कोणी तक्रार करत नाही. ही पुस्तिका त्या धुळीसाठी आहे. आणि त्यातही एका लहान भागासाठी, म्हणजे यंत्रापासून ओढणाऱ्या पंख्यापर्यंत भुसा वाहून नेणाऱ्या होजसाठी.

विषय मुद्दाम लहान निवडला आहे. धूळ ओढण्याची व्यवस्था बसवताना माणूस मोटरची अश्वशक्ती आणि पिशवीचा आकार यांवर खूप विचार करतो. होज मात्र शेवटच्या दिवशी दुकानात जाऊन मिळेल तो, मिळेल तितका घेऊन येतो. मग दीड अश्वशक्तीचे यंत्र निम्म्या जोरानेच ओढते आणि दोष यंत्राच्या माथी जातो. मला सांगायचे आहे ते एवढेच: लवचीक होज जितका कमी लांबीचा वापराल तितका तो स्वस्त पडतो, आणि जिथे वापरावाच लागतो तिथे व्यासात काटकसर करू नये. पुढची पाने या विधानाचा हिशेब आहेत.

वाचक कोण असतील याचा अंदाज आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन हातातले कसब घरी घेऊन आलेली माणसे आहेत. तात्यापाऱ्यातल्या जुन्या घराच्या पडवीत किंवा नव्या वसाहतीतल्या गाडीच्या शेडमध्ये एक टेबल सॉ, एक ट्रिमर आणि एक सँडर मांडून बसलेले तरुण नोकरदार आहेत. त्यांच्यापैकी कोणाकडे कारखान्याचे बजेट नाही. कारखान्याला कायदा विचारतो. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे १४ वे कलम धूळ जिथे उडते तिथेच ती ओढून घ्यायला सांगत असे. घरी कोणी निरीक्षक येत नाही. तिथे आपली फुप्फुसे आपणच सांभाळायची असतात, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या नातवंडांचीही.

लाकडाच्या धुळीचा धोका फार पूर्वी ओळखला गेला. इंग्लंडमधले हाय विकंब हे खुर्च्या आणि फर्निचर बनवणाऱ्यांचे गाव. नाकाच्या पोकळीचा एक विरळ कर्करोग फर्निचर कामगारांमध्येच वारंवार आढळतो, हे तिथल्या कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफिल्ड यांच्या लक्षात आले. १९६८ साली त्यांनी ॲचेसन आणि इतर सहकाऱ्यांबरोबर तो संबंध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या सिद्ध कारणांत, समाविष्ट केली. हे वाचून रंधा खाली ठेवण्याची गरज नाही. ते कामगार आयुष्यभर, रोज, त्या धुळीत उभे असत. रविवारी दोन तास काम करणाऱ्याचा धोका त्याहून कितीतरी कमी असतो. पण दमा, चोंदलेले नाक, डोळ्यांची आग आणि त्वचेची खाज यांना आयुष्यभराची वाट पाहावी लागत नाही. सागवानात लॅपाकोल आणि त्याच्या जवळची द्रव्ये असतात आणि ती काहींच्या त्वचेला अजिबात सोसत नाहीत. एमडीएफची पूड तर इतकी बारीक आणि इतकी राळयुक्त असते की तिच्याबाबत मी कोणतीच सूट देणार नाही.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून एक हिशेब. अमेरिकेतली नायॉश ही संस्था एका घनमीटर हवेत १ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लाकडाची धूळ नसावी, अशी शिफारस करते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली घेतली तर तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. म्हणजे त्या संपूर्ण खोलीत तरंगणारी धूळ ३४ मिलिग्रॅमच्या आत हवी. तांदळाच्या दोन दाण्यांचे वजन जवळपास एवढेच भरते. सँडर काही मिनिटे चालला की ही मर्यादा केव्हाच मागे पडते. जमिनीवर पडलेला भुसा झाडून निघतो. ही पूड पंखा बंद केल्यावरही तासन् तास हवेत राहते. ती हवेत पसरण्याआधी, पात्याजवळच, पकडणे हाच उपाय, आणि पात्याजवळ पोचतो तो होज.

ही विद्या या शहराला परकी नाही. रायपूर, धमतरी, नवापारा-राजिम इथल्या राईस मिल आणि भाटापाऱ्याच्या पोह्यांच्या गिरण्या हेच काम रोज करतात. ब्लोअर हवा ओढतो, पत्र्याच्या शंकूत ती गरगर फिरते, तूस आणि जड धूळ खाली पडते, हलकी हवा वरून निघून जाते. या शंकूचे, सायक्लोनचे, पेटंट १८८५ साली अमेरिकेत जॉन फिंच याने घेतले. एखाद्या मिलमध्ये ओळख असेल तर तिथली पाईपांची मांडणी पाहून यावे, असे मी आग्रहाने सुचवेन. पाईप पत्र्याचे, रुंद आणि सरळ असतात. वळण असले तर ते ऐसपैस असते. आणि जिथे चाळणी थरथरते त्या सांध्यापुरतीच कापडाची बाही लावलेली असते. लवचीकपणा हवा तिथेच दिला आहे, एक वीतही जास्त नाही. पैसे मोजून पाईप बसवणाऱ्या आणि रोज वीजबिल भरणाऱ्या माणसांनी हे ठरवलेले आहे, म्हणून मला ते पुस्तकातल्या कोष्टकाइतकेच मोलाचे वाटते.

आता होजमधून जाणाऱ्या हवेकडे वळू. लाकडाचा भुसा पाईपात न साचता पुढे जायचा तर हवेचा वेग सेकंदाला सुमारे २० मीटर लागतो. १०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपात हा वेग ठेवायचा म्हणजे ताशी सुमारे ५६५ घनमीटर हवा ओढावी लागते. ७५ मिलिमीटरमध्ये सुमारे ३२०. इथे दोन प्रकारच्या यंत्रांची गल्लत होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर जोराने ओढतो पण थोडी हवा ओढतो. त्याचा दाब २० किलोपास्कलच्या आसपास असू शकतो. भुसा ओढणारा पंखा भरपूर हवा हलवतो, पण त्याचा दाब साधारण २ किलोपास्कलपुरताच असतो. सँडर किंवा ट्रिमरला व्हॅक्यूम क्लीनर आणि ३२ मिलिमीटरचा बारीक होज पुरतो. रंध्याच्या यंत्राला किंवा टेबल सॉला तोच होज लावला तर काही मिनिटांत छिलके अडकतात. उलट पंख्याला बारीक होज लावला तर त्याचा तुटपुंजा दाब होजच्या भिंतींशी घासण्यातच संपतो.

हे घासणे किती असते? आतून गुळगुळीत असलेल्या १०० मिलिमीटरच्या पाईपात, २० मीटरच्या वेगाला, दर मीटरमागे सुमारे ५० पास्कल दाब खर्च होतो. आतून वळ्या असलेल्या होजमध्ये हाच खर्च अडीच-तीन पटींवर जातो. म्हणजे असा सहा मीटर होज खोलीभर पसरला की २००० पास्कलांतले ८०० च्या आसपास वाटेतच गेले, पिशवीचा आणि सायक्लोनचा वाटा अजून वेगळाच. व्यासाचा हिशेब तर याहून कडक आहे. तेवढीच हवा १०० ऐवजी ७५ मिलिमीटरमधून न्यायची म्हटले तर दाब चौपटीहून जास्त लागतो, कारण तो व्यासाच्या पाचव्या घातात बदलतो. दुकानात तीन इंची होज चार इंचीपेक्षा स्वस्त दिसतो. घरी आल्यावर तो पंख्याचा जोर खातो. ही एक गोष्ट मनात पक्की झाली तरी होजवरचे निम्मे पैसे वाचतील.

परवडणारे पर्याय रायपुरात बरेच आहेत आणि त्यांतला सर्वांत चांगला शेतकऱ्यांमुळे मिळतो. पंपाला लावायचा हिरवा किंवा करडा सक्शन पाईप जवळपास प्रत्येक पंपाच्या दुकानात असतो. त्याच्या भिंतीत कडक पीव्हीसीचा वेटोळा पीळ असतो, त्यामुळे तो ओढीने चिपकत नाही, आणि आतून तो बऱ्यापैकी गुळगुळीत असतो. पाणी ओढण्याचा ताण सोसणाऱ्या पाईपाला आपल्या पंख्याची ओढ म्हणजे काहीच नाही. दोष दोन: तो जड आहे आणि लहान वळण घेत नाही. म्हणून जिथे यंत्र जागेवरून हलत नाही, पण पाईप आणि यंत्राचे तोंड एका रेषेत येत नाही, तिथे एक-दीड मीटरचा तुकडा लावावा. स्वस्तात याहून बरे मला काही दिसलेले नाही.

हलका करडा पीव्हीसी डक्ट होज दुसऱ्या क्रमांकावर. तो भरपूर वाकतो, उचलायला सोपा असतो, किंमत मध्यम. पण आत वळ्या असतात आणि भिंत पातळ असते. घेताना त्याचा हातभर तुकडा दोन्ही मुठींत धरून वाकवून पाहावा. वळणाच्या आतल्या बाजूला भिंत आत दुमडली तर तो होज ओढीखाली बसणार. लांबीही नीट पाहावी. असा होज ताणून मोजला तर जास्त भरतो, दाबून ठेवला तर कमी, आणि दाबलेल्या अवस्थेत वळ्या खोल होऊन घासणे वाढते. वापरताना तो पूर्ण ताणलेलाच ठेवायचा. जास्तीचा होज गुंडाळी करून कोपऱ्यात टाकणे म्हणजे पैसे देऊन अडथळा विकत घेणे.

पारदर्शक पीयू होज, आत तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार असलेला, या सर्वांत उत्तम आणि सर्वांत महाग. छिलक्यांच्या माऱ्याने तो झिजत नाही, कुठे अडकले ते बाहेरून दिसते, आणि तार जमिनीशी जोडता येते. तो घ्यावा, पण एक मीटरच, ज्या यंत्राचे डोके सतत हलते त्याच्यासाठी. घेताना तो पॉलिइथर जातीचा आहे का हे विचारावे. पॉलिएस्टर जातीचा पीयू दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन तडकतो, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेला ओल असतेच.

स्वयंपाकघरातल्या चिमणीचा ॲल्युमिनियमचा फुगीर पाईप मात्र नको. तो गरम वाफ बाहेर सोडण्यासाठी असतो. लाकडाची एक चपटी ढलपी त्याला आतून फाडते आणि त्याच्या वळ्यांत भुसा घट्ट बसतो. स्वस्त मिळतो एवढ्यासाठी लोक तो घेतात, म्हणून इतके स्पष्ट लिहितो आहे.

उरलेले सगळे अंतर कडक पीव्हीसी पाईपाने कापावे. घराच्या सांडपाण्याला वापरतात तो ११० मिलिमीटरचा एसडब्ल्यूआर पाईप कुठेही मिळतो आणि मीटरमागे कोणत्याही चांगल्या होजपेक्षा स्वस्त असतो. यापेक्षा मोठा घेण्याचा मोह टाळावा. १६० मिलिमीटरच्या पाईपात एक-दीड अश्वशक्तीचा पंखा पुरेसा वेग देऊ शकत नाही आणि भुसा तळाशी साचतो. नव्वद अंशांच्या आखूड एल्बोऐवजी पंचेचाळीस अंशांचे दोन एल्बो जोडावेत. सोल्यूशनने सांधे कायमचे चिकटवू नयेत. बाहेरून टेप गुंडाळला तरी हवा धरते आणि उद्या टेबल सरकवले तर पाईप पुन्हा मोकळा होतो.

आणि इथे ती अडचण येते जिच्यामुळे माणसे दुकानातून हात हलवत परततात. पीव्हीसी पाईप बाहेरच्या व्यासाने विकला जातो, होज आतल्या व्यासाने. ११० चा पाईप बाहेरून ११०, भिंत साधारण २.२ किंवा ३.२ मिलिमीटर, म्हणजे आतून १०५ किंवा १०३ च्या आसपास. चार इंची होज आतून सुमारे १०२. तो पाईपावर चढत नाही. त्याला पाईपात घालावे म्हटले तर भिंत आणि पीळ धरून तो बाहेरून १०५ च्या वर जातो, म्हणून आतही शिरत नाही. त्यात आयात केलेल्या यंत्राचे तोंड कधी १०० मिलिमीटर असते, कधी चार इंच, आणि लहान यंत्रांचे ३२ ते ३६ च्या मध्ये कुठेही. यावर दुकानदाराकडे उत्तर नसते आणि त्याचा त्यात दोषही नाही. त्याचा माल पाण्यासाठी आणि पंपासाठी बनलेला आहे.

उपाय साधे आहेत. हीट गनने पाईपाचे टोक मऊ करून लाकडाच्या गोल साच्यावर चढवले की ते हव्या मापाला येते. हे उघड्या हवेत करावे आणि पाईप काळा पडेपर्यंत तापवू नये. ट्रकच्या किंवा स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा दोन्ही टोकांवर ताणून बसवला आणि वर जुबली क्लिप कसली तर पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज मिटतो, शिवाय यंत्राची थरथर पाईपापर्यंत जात नाही. मला ट्यूबचा उपाय अधिक आवडतो. पंक्चरवाल्याकडे तो जवळपास फुकट मिळतो. पीळ असलेल्या होजवर साधी क्लिप तिरकी बसते आणि फटीतून हवा गळते. क्लिपच्या खाली ट्यूबची पट्टी गुंडाळली की तेही थांबते. गळती म्हणजे ओढ वाया जाणे, म्हणून प्रत्येक सांध्याजवळ उदबत्ती धरून धूर आत खेचला जातो का ते बघावे. अर्थात हे भुसा साफ केल्यावर, पंखा रिकामा चालवूनच.

परदेशी पुस्तकांतला एक सल्ला आपल्याकडे जसाच्या तसा उचलण्याचे कारण नाही. थंड देशांत खोलीतली गरम हवा बाहेर फेकणे परवडत नाही, म्हणून ती महागड्या फिल्टरमधून गाळून परत खोलीत सोडतात. रायपुरात हिवाळा सौम्य असतो आणि उन्हाळ्यात खिडक्यांना कूलर लागलेले असतात. कूलरला तर आत आलेली हवा बाहेर जायला वाट हवीच असते. पंखा भिंतीबाहेर, छपराखाली बसवला, वाटेत पत्र्याचा सायक्लोन ठेवला आणि उरलेली हवा मोकळ्या जागेत सोडली, तर फिल्टरचा खर्च वाचतो आणि बारीक धूळ खोलीत परतत नाही. एकच अट: ती शेजाऱ्यांच्या खिडकीसमोर सोडू नये. काळ्या धुळीवर रागावणाऱ्या शहरात आपण पिवळी धूळ वाटू नये एवढी जबाबदारी आपली आहे. जागा अडचणीची असेल तर बाहेरही गाळणीची पिशवी लावावी.

उन्हाळा होजवरही परिणाम करतो. नवतप्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या छपराखाली किंवा थेट उन्हात ठेवलेला होज त्याहून खूप तापतो. साठ अंशांच्या जवळ पीव्हीसी मऊ पडू लागतो. पातळ भिंतीचा होज अशा वेळी ओढीखाली चपटा होतो. म्हणून बाहेरून जाणारा भाग नेहमी कडक पाईपाचा, आणि त्यावर चुन्याचा हात. पावसाळ्यात उलट त्रास: ओला भुसा वळ्यांत चिकटून बसतो. काम संपल्यावर पंखा मिनिटभर तसाच चालू ठेवला तर बरेचसे निघून जाते.

स्थिर विजेबद्दल लोक फार घाबरतात. एप्रिलमधल्या कोरड्या हवेत प्लास्टिकच्या होजला हात लागला की झटका बसतो, तो त्रासदायक असतो. पीयू होजची तार दोन्ही टोकांना सोलून एका बाजूने यंत्राच्या लोखंडी अंगाला आणि दुसऱ्या बाजूने पंख्याला जोडावी, दोन्ही यंत्रांचे अर्थिंग चालू आहे याची खात्री करावी, एवढे पुरे. खरी भीती आहे ती ठिणगीची. या शहरात लाकूडकाम करणाऱ्याकडे बहुधा ग्राइंडरही असतो, कारण लोखंड इथे घराघरात आहे. ज्या होजमधून भुसा जातो त्यातून लोखंडाची ठिणगी कधीही ओढू नये. एक ठिणगी पिशवीतल्या भुशात तासभर धुमसत राहते आणि सगळे झोपल्यावर पेटते. खिळा लागलेली जुनी फळी टेबल सॉवर घेण्याआधीसुद्धा ती चुंबकाने तपासावी.

होज कितीही चांगला असला तरी सगळी धूळ पकडत नाही. सँडिंग करताना एन-९५ मास्क लावावा. २०२० नंतर तो कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातही मिळू लागला आहे.

पुढच्या प्रकरणांत आधी मोजमाप आहे, मग मांडणी, आणि खरेदी सर्वांत शेवटी. याच क्रमाने जावे. दुकानात जाताना प्रत्येक यंत्राच्या तोंडाचा बाहेरचा आणि आतला व्यास व्हर्नियरने मिलिमीटरमध्ये मोजून कागदावर लिहून न्यावा. इंचात सांगितले की गोंधळ वाढतो. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या पीव्हीसीच्या भावाबरोबर बदलतात आणि छापलेली किंमत लवकर खोटी ठरते. पॉलिश, थिनर आणि स्प्रेच्या वाफांचा विचारही या पुस्तिकेत नाही. तो वेगळा विषय आहे, आणि त्या वाफा या पंख्यातून अजिबात ओढू नयेत: साध्या मोटरमध्ये ठिणगी पडू शकते आणि थिनरची वाफ तिची वाट पाहत नाही. स्प्रेचे काम अंगणात, वारा पाठीमागून येईल असे उभे राहून करावे.